आठवीपासून पहिल्या पगारापर्यंत: दिव्यांग विद्यार्थ्याची कामाच्या जगासाठी तयारी

दहावीचा निकाल लागून चार-आठ दिवस झाले की एका हातात गुणपत्रिका आणि दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र घेऊन पालक भेटायला येतात आणि बहुतेक सगळे एकाच शब्दांत विचारतात, "मॅडम, ह्याला आता कुठं लावता येईल?" प्रश्न रास्त आहे, पण तो दोन-तीन वर्षे उशिरा विचारलेला असतो. शिवाय त्यातला 'लावणे' हा शब्द मला नेहमी खटकतो, कारण आपण रोप लावतो, बल्ब लावतो आणि त्याच सुरात मुलालाही कुठेतरी लावून मोकळे होऊ पाहतो. त्या मुलाने आजवर कोणते काम जवळून पाहिले आहे, कोणते हाताळले आहे आणि कोणते त्याला नको आहे, हे कोणी विचारलेले नसते.

हा लेख शाळेतील शिक्षक, विशेष शिक्षक आणि पालक यांच्यासाठी आहे. विद्यार्थी आठवीत असताना सुरुवात करून पहिल्या नोकरीच्या तिसऱ्या महिन्यापर्यंत काय काय करावे, हे त्यात महाराष्ट्रातील व्यवस्था डोळ्यांसमोर ठेवून क्रमाने सांगितले आहे. हा क्रम शक्यतो बदलू नये. आधी अभ्यासक्रम ठरवून नंतर कामाचा विचार करण्याची आपली सवयच अनेक मुलांना घरी बसवते, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे.

पायरी १: कागदपत्रे एकदाच, पण नीट

हे काम कंटाळवाणे आहे, म्हणून आधी उरकून घ्यावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केलेले आहेत. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हेही त्यात येतात, हे अनेक पालकांना माहीत नसते. शिक्षणातील आणि शासकीय नोकरीतील आरक्षणासाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के असावे लागते. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून, शासकीय रुग्णालयात तपासणी झाल्यावर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचे देशभर चालणारे ओळखपत्र, मिळते. पुढे प्रवेशापासून प्रवास-सवलतीपर्यंत बहुतेक ठिकाणी तेच दाखवावे लागते.

दोन गोष्टी तपासाव्यात. शाळेचा दाखला, आधार आणि यूडीआयडी कार्ड यांवरील नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख अक्षरशः सारखी असावी, कारण या बाबतीतली एका अक्षराची चूक नोकरीच्या कागदपत्र-पडताळणीत नेमकी आडवी येते. दुसरे म्हणजे प्रमाणपत्र कायमस्वरूपी आहे की ठरावीक मुदतीचे, हे पाहून मुदतीचे असल्यास तारीख वहीत लिहून ठेवावी. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुदिव्यांगत्व असलेले मूल अठरा वर्षांचे होत असेल, तर राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करण्याची गरज आहे का, याचा विचार आधीच करावा. गरज नसेल तर करू नये, कारण स्वतःची सही स्वतः करू शकणाऱ्या तरुणाच्या सहीचा अधिकार केवळ सोयीसाठी दुसऱ्याकडे देणे योग्य नव्हे.

प्रमाणपत्रावरील टक्केवारीवरून मात्र मूल काय काम करू शकेल हे कळत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका वैद्यकीय प्रवेशार्थीच्या प्रकरणात हेच स्पष्ट केले. बोलण्यातील दिव्यांगत्वाची टक्केवारी जास्त आहे एवढ्यावरून त्याला अपात्र ठरवता येणार नाही, तो अभ्यासक्रम प्रत्यक्षात पूर्ण करू शकतो का, हे तपासले पाहिजे, असा त्या निकालाचा आशय होता.

पायरी २: दोन महिने फक्त निरीक्षण

"तुला काय आवडतं?" हा प्रश्न सुरुवातीलाच विचारू नये. ज्या मुलाने घर, शाळा आणि दवाखाना यांपलीकडे फारसे काही पाहिलेले नाही, ते मूल आवड सांगणार तरी कशातून? मी दृष्टिहीन मुलांना हा प्रश्न विचारला तेव्हा वर्षानुवर्षे शिक्षक, बँकेतला अधिकारी आणि वाद्यवृंदातला गायक ही तीनच उत्तरे मिळत गेली, कारण त्यांनी ऐकलेली दृष्टिहीन माणसे तेवढीच होती.

त्याऐवजी एक दोनशे पानी वही घ्यावी आणि दोन महिने शिक्षकाने शाळेत व पालकांनी घरी रोज दोन-तीन ओळी लिहाव्यात. "हुशार आहे", "चंचल आहे" असे शेरे लिहू नयेत, घडलेले लिहावे. "भांडी घासून झाल्यावर स्वतःहून ताटे, वाट्या, पेले वेगवेगळे लावले", "गणपतीच्या मिरवणुकीत ढोल वाजू लागताच कान झाकून घरी पळाला", "चाळीस मिनिटे सलग शेंगा निवडल्या, नंतर दोन हात लांब जाऊन बसली", "मोबाइलवर काकांचा नंबर न पाहता लावला" अशा नोंदी कामाच्या असतात. सलग किती वेळ काम होते, गोंगाट आणि गर्दी कितपत सहन होते, सूचना बोलून कळते की करून दाखवल्यावर, चूक दाखवली की मूल पुन्हा प्रयत्न करते की काम टाकून देते, आणि अनोळखी माणसाशी ते कसे बोलते, या पाच गोष्टी वहीतून हळूहळू दिसू लागतात.

या वहीला कामाच्या बाजूने जोड देण्यासाठी एक तयार साधन आहे. केंद्र शासनाने जानेवारी २०२१ मध्ये दिव्यांगांसाठी योग्य ठरवलेल्या पदांची यादी अधिसूचित केली. तिच्यात प्रत्येक पदासमोर बसणे, उभे राहणे, चालणे, वाकणे, उचलणे, बोटांनी हाताळणे, पाहणे, ऐकणे, बोलणे, वाचणे-लिहिणे यांपैकी कशाची गरज आहे, हे दिलेले आहे. यादी शासकीय पदांची असली तरी पद्धत कोणत्याही कामाला लावता येते. पिठाची गिरणी, रोपवाटिका, झेरॉक्सचे दुकान, पतसंस्थेची खिडकी, बेकरी यांतील एकेका कामासमोर अशीच आडवी ओळ लिहावी आणि शेजारी वहीतले निरीक्षण ठेवावे. जिथे गरज आणि क्षमता जुळत नाही, तिथे लगेच फुली मारू नये. ती अडचण साधनाने, जागा बदलून किंवा कामाची वाटणी करून सुटेल का, हा पुढचा प्रश्न तिथे लिहावा.

पायरी ३: काम दाखवणे आणि करून पाहणे

नववीच्या वर्षात किमान पाच-सहा वेगवेगळ्या ठिकाणी मुलाला घेऊन जावे. पुण्या-मुंबईतील मोठ्या कंपनीची सहल आकर्षक वाटते, परंतु मूल उद्या जिथे रोज पोहोचू शकेल अशा दहा-पंधरा किलोमीटरच्या परिसरातील कामे आधी पाहावीत. प्रत्येक ठिकाणी मुलाने स्वतः तीन प्रश्न विचारावेत: तुम्ही सकाळी आल्यावर पहिले काम कोणते करता, दिवसातले सगळ्यात कंटाळवाणे काम कोणते, आणि नवीन माणूस पहिल्या आठवड्यात काय चुकतो. कर्णबधिर विद्यार्थी हे प्रश्न कागदावर लिहून नेऊ शकतो, पण सांकेतिक भाषेचा दुभाष्या सोबत असल्यास फार फरक पडतो. मालकाला सोबतच्या शिक्षकाशीच बोलण्याची सवय असते. अशा वेळी शिक्षकाने किंचित मागे सरकून मुलाकडे पाहत राहावे, म्हणजे मालकही आपोआप तिकडे पाहू लागतो.

पाहून झाल्यावर निदान दोन ठिकाणी तीन ते पाच दिवस प्रत्यक्ष काम करून पाहावे. हा शिकण्याचा भाग आहे आणि तो तसाच राहायला हवा. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला ठेवता येत नाही आणि अठरा वर्षांखालील किशोरांना धोकादायक कामाला ठेवण्यास कायद्याने मनाई आहे, म्हणून मुख्याध्यापकांचे पत्र, पालकांची लेखी संमती, दिवसाचे ठरलेले तास आणि सोबत शाळेतील एक व्यक्ती, एवढ्या गोष्टी असल्याशिवाय हा उपक्रम करू नये. फुकटचा हात मिळाला म्हणून कोणी मुलाला महिनाभर ठेवून घेऊ लागले, तर तेथेच थांबावे.

करून पाहण्यातून काय कळते, याचे एक उदाहरण सविस्तर देते. बौद्धिक दिव्यांगत्व असलेला सोळा वर्षांचा एक विद्यार्थी आम्ही तालुक्यातील एका फरसाणाच्या दुकानात चार दिवसांसाठी नेला. काम होते चिवड्याची २०० ग्रॅमची पाकिटे भरण्याचे. पहिल्या दिवशी इलेक्ट्रॉनिक काट्यावर १९४, २०७, १९८ असे आकडे पळू लागले आणि तो गोंधळून प्रत्येक वेळी आमच्याकडे पाहू लागला, कारण त्याला वीसपर्यंतच्या अंकांचीच खात्री होती. मालक म्हणाले, "ह्याला नाही जमायचं." दुसऱ्या दिवशी आम्ही माळ्यावर पडलेला जुना तराजू पुसून खाली काढला. एका पारड्यात २०० ग्रॅमचे वजन, दुसऱ्यात चिवडा, आणि सूचना एकच: दोन्ही पारडी समोरासमोर आली की थांबायचे. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याने साठ पाकिटे भरली. मालक दर दहावे पाकीट इलेक्ट्रॉनिक काट्यावर तपासत होते आणि एखाद-दुसरेच परत करावे लागत होते. पाकिटाचे तोंड चिकटवण्याच्या गरम पट्टीला मात्र तो चारही दिवस हात लावेना. तेवढा भाग दुकानातल्या दुसऱ्या मुलाने केला आणि त्याबदल्यात त्याने त्या मुलाचे डबे उचलून ठेवण्याचे काम घेतले.

वर्गात बसून हे काहीच कळले नसते. कोणतेही काम असे छोट्या तुकड्यांत मोडून लिहिले की नेमका कोणता तुकडा अडतो ते दिसते, आणि बहुतेक वेळा अडणारा तुकडा एखादाच असतो. चाचणीच्या शेवटी मुलाला विचारावे की इथे परत यायला आवडेल का. "नको" हे उत्तरही तितक्याच गांभीर्याने वहीत लिहावे. त्या मुलाने सांगितले की चिवडा आवडला, पण दुकानातला रेडिओ नको होता.

पायरी ४: दहावीचे विषय आणि त्यानंतरची वाट

राज्य मंडळाच्या परीक्षेत दिव्यांग विद्यार्थ्यांना जादा वेळ, लेखनिक, काही विषयांतून सूट अशा सवलती मिळतात. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्पर्धा परीक्षांतही लेखनिकासह तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ देण्याची पद्धत आहे. दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी असले तरी लिहिण्यात खरी अडचण असल्यास लेखनिक नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये म्हटले आहे. त्यामुळे हक्काची सवलत जरूर घ्यावी. प्रत्येक परीक्षेचे लेखनिकाविषयीचे नियम मात्र त्या त्या जाहिरातीतच वाचावेत, मागच्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नये. लेखनिकाला सांगून लिहून घेणे हेही एक कौशल्य आहे आणि त्याचा सराव नववीपासून करावा लागतो.

सर्वांत जास्त विचार एका सवलतीचा करावा. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्याला दहावीला गणिताऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित घेण्याची मुभा आहे. ज्या मुलाला बीजगणित खरोखरच झेपत नाही, त्याच्यासाठी ती वरदान आहे. पण ज्याला थोड्या मदतीने पस्तीस गुण मिळू शकले असते, त्याच्या पुढची तंत्रनिकेतनाची पदविका, विज्ञान शाखा आणि अनेक तांत्रिक वाटा तिने बंद होतात. दोन वर्षांनी मुलगा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मोबाइल दुरुस्तीत रमलेला दिसतो आणि घरच्यांना त्या निर्णयाची आठवण होते. म्हणून ही सवलत घेण्यापूर्वी पायरी ३ मधल्या नोंदी पुढ्यात ठेवाव्यात आणि निर्णय शाळेच्या निकालाच्या टक्केवारीसाठी होत नाही ना, हे पालकांनी स्पष्ट विचारावे.

दहावीनंतरच्या वाटा थोडक्यात अशा. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी ५ टक्के जागा राखीव आणि वयात पाच वर्षांची सूट आहे. आयटीआयमध्येही राखीव जागा असतात, परंतु व्यवसाय निवडण्यापूर्वी कार्यशाळेत जाऊन यंत्राची उंची, आवाज आणि निदेशक कसे शिकवतात हे पाहून यावे. नियमित शाळा झेपत नसल्यास मुक्त विद्यालयातून टप्प्याटप्प्याने विषय देता येतात. मुंबईत केंद्रीय श्रम मंत्रालयाचे दिव्यांगांसाठीचे राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे, तेथे कामाच्या दृष्टीने क्षमता-मूल्यमापन, प्रशिक्षण आणि नोकरीसाठी नोंदणी होते. कर्णबधिरांसाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून काम करते. वरोऱ्याच्या आनंदवनातील संधीनिकेतन आणि नसीमा हुरजूक यांनी उभी केलेली कोल्हापूरची हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड ही संस्था यांनी प्रशिक्षण आणि रोजगार एकत्र कसा जोडता येतो, हे दाखवले आहे. शक्य झाल्यास शिक्षकांनी ही ठिकाणे एकदा पाहावीत.

संगणकाचे शिक्षण मात्र सर्वांनी घ्यावे. दृष्टिहीन विद्यार्थ्याला एनव्हीडीए हे पडदावाचक सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि ते मराठीही वाचते. माउसशिवाय, फक्त कळफलकावर काम करण्याचा वेग आठवी-नववीतच आला पाहिजे. अठराव्या वर्षी सुरुवात केली तर पहिली दोन वर्षे त्यातच जातात.

पायरी ५: जाणे-येणे, पैसे आणि वेळ

नोकरी सुटण्याचे कारण कौशल्याचा अभाव असते, असे आपण गृहीत धरतो. मी जी मुले काम सोडून घरी आलेली पाहिली, त्यांतील बहुतेकांना काम येत होते. वडिलांना मोटारसायकलवरून सोडायला वेळ मिळेनासा झाला, बस बदलली, पगारातले पैसे कोणीतरी काढून घेतले किंवा न सांगता दोन दिवस सुट्टी घेतली, ही खरी कारणे होती. म्हणून ही पायरी अभ्यासाइतकीच महत्त्वाची मानावी.

प्रवास शिकवताना संपूर्ण फेरीचे तुकडे करावेत: घरातून वेळेवर निघणे, थांब्यावर योग्य बाजूला उभे राहणे, पाटी वाचणे किंवा वाहकाला विचारणे, तिकीट काढून सवलतीचे कार्ड दाखवणे, उतरण्याआधीची खूण ओळखणे, उतरून कामाच्या ठिकाणी पोहोचणे. पहिले काही दिवस शेजारी बसावे, नंतर दोन सीट मागे, नंतर मागच्या बसने यावे. यानंतर मुद्दाम घोटाळा करून पाहावा. आमच्या एका कर्णबधिर विद्यार्थिनीला रोजची गाडी फलाट तीनवर लागते हे पाठ झाले होते. एके दिवशी ती गाडी फलाट पाचवर लागली, घोषणा झाली आणि तिला अर्थातच ऐकू आली नाही. ती तीनवर उभीच राहिली आणि गाडी निघून गेली. त्या दिवसापासून तिच्या पर्समध्ये "मला ऐकू येत नाही. अमुक गावची गाडी कुठे लागली आहे, कृपया बोटाने दाखवा" असे मोठ्या अक्षरात लिहिलेले कार्ड असते, आणि गाडीच्या वेळेआधी दहा मिनिटे ती ते चौकशीच्या खिडकीत दाखवते.

पैशांचे शिक्षण खऱ्या नोटांनीच द्यावे. बँकेत स्वतःच्या नावाचे खाते, एटीएमचा गुप्त क्रमांक कोणालाही न सांगणे, यूपीआयवर पैसे पाठवणे आणि पैसे मागणे यांतला फरक, हे मुला-मुलींना सारख्याच काटेकोरपणे शिकवावे. त्याचबरोबर अंगाला कोणी हात लावल्यास, एकटीला थांबवून घेतल्यास किंवा चिडवल्यास काय करायचे आणि कोणाला सांगायचे, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. हा विषय पालक टाळतात. टाळू नये.

वेळेसाठी घरातच एक जबाबदारी द्यावी, जी न केल्यास घरच्यांची खरोखर अडचण होते. सकाळचे दूध आणणे, पाण्याची मोटर वेळेवर बंद करणे, आजीची गोळी देणे. मूल विसरले तर लगेच धावून जाऊ नये. आजीची गोळी तेवढी लक्षात ठेवावी.

पायरी ६: स्वतःविषयी सांगणे आणि सोय मागणे

कायद्यात 'वाजवी सोय' ही कल्पना आहे. काम करता यावे म्हणून आवश्यक आणि संस्थेला अवाजवी बोजा न होणारे बदल, असा तिचा अर्थ. रॅम्प ही त्यातली दिसणारी गोष्ट झाली. कामाची सूचना तोंडी न देता व्हॉट्सॲपवर लिहून देणे, गोंगाटापासून दूर टेबल, उभ्याने करायच्या कामाला उंच स्टूल, फिट येणाऱ्या कर्मचाऱ्याला रात्रपाळी न देणे, या सोयींना फारसा खर्च येत नाही. पण त्या मागाव्या लागतात आणि मागण्याची भाषा शाळेत शिकवली जात नाही.

विद्यार्थ्याने स्वतःविषयी चार वाक्ये तयार करून पाठ नव्हे, पण सहज बोलता येतील इतकी घोटावीत. पहिले वाक्य आपण काय चांगले करतो याचे, दुसरे अडचणीचे, तिसरे त्यावर काय केले की काम होते याचे, आणि चौथे समोरच्याला प्रश्न विचारण्याची मोकळीक देणारे. "मी हिशेब टॅलीवर करते. मला बारीक अक्षर दिसत नाही. पडद्यावरची अक्षरे मोठी केली आणि कागद स्कॅन करून दिले की मी सगळ्यांच्या वेगाने काम करते. काही विचारायचे असल्यास विचारा." दिव्यांगत्वाचे वैद्यकीय नाव, लहानपणीचे ऑपरेशन, घरची परिस्थिती यांतले काहीही त्यात आणू नये. सहानुभूतीवर मिळालेली नोकरी तिसऱ्या महिन्यात डोईजड होते.

मुलाखतीचा सराव अनोळखी माणसाकडून करून घ्यावा. आणि पालकांनी मुलाखतीच्या खोलीबाहेर थांबावे, हे मला दरवर्षी सांगावे लागते.

पायरी ७: नोकरीच्या वाटा निवडणे

शासकीय नोकरीत ४ टक्के पदे राखीव आहेत. दृष्टी, श्रवण आणि अस्थिव्यंग या गटांसाठी प्रत्येकी एक टक्का, तर स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व यांसाठी मिळून एक टक्का अशी त्यांची विभागणी आहे. आरक्षण आहे म्हणून कोणतेही पद मिळते, असे नाही. आपल्या प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी ते पद निश्चित केलेले आहे का, हे जाहिरातीत आधी पाहावे लागते. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची कथा पालक मुलांना प्रेरणा म्हणून सांगतात, पण तिचा उपयोगी भाग वेगळा आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१५ च्या परीक्षेत त्या ७७३ व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि पूर्ण दृष्टिहीनतेच्या कारणावरून त्यांना रेल्वेच्या लेखा सेवेत घेण्यास नकार मिळाला. पुढच्याच परीक्षेत १२४ वा क्रमांक मिळवून त्या भारतीय प्रशासकीय सेवेत आल्या. अर्ज भरण्यापूर्वी पद-निश्चिती तपासावी, आणि नकार चुकीचा वाटल्यास तो लेखी मागावा. पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करताना तोच कागद लागतो.

फक्त सरकारी परीक्षांवर मात्र सगळी वर्षे खर्च करू नयेत. पंचविशीपर्यंत केवळ परीक्षा देत राहिलेल्या मुलाकडे नंतर दाखवायला कामाचा अनुभव उरत नाही. त्यामुळे परीक्षेचा अभ्यास चालू असतानाच अर्धवेळ काम किंवा शिकाऊ उमेदवारी घ्यावी. खासगी कंपनीत अर्ज करताना त्यांचे समान संधी धोरण मागावे. असे धोरण जाहीर करणे कायद्याने प्रत्येक आस्थापनेला बंधनकारक आहे, आणि नुसते मागितले तरी समोरची व्यक्ती सावध होते.

स्वयंरोजगारासाठी महाराष्ट्र राज्य दिव्यांग वित्त व विकास महामंडळाच्या कर्जयोजना आहेत, तर ग्रामपंचायत आणि नगरपालिका यांनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ग्रामसभेत या निधीचा हिशेब विचारावा आणि शिलाई यंत्र, संगणक असे नेमके साधन लेखी अर्जाने मागावे. परंतु झेरॉक्स यंत्र मिळते म्हणून झेरॉक्सचे दुकान काढणे हा व्यवसाय नव्हे. त्या रस्त्यावर आधीची चार दुकाने आहेत का, वीज किती तास असते आणि हिशेब कोण ठेवणार, हे आधी ठरावे.

एक अडचण घराघरांत कुजबुजत बोलली जाते, ती उघड लिहिते. पगार सुरू झाला तर संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान बंद होईल, या भीतीने अनेक कुटुंबे मुलाला कामावर पाठवत नाहीत. योजनेला उत्पन्नाची अट आहे, त्यामुळे भीती निराधार नाही. तहसील कार्यालयात जाऊन आपल्या कुटुंबाला ती अट कशी लागू होते हे विचारावे, कागदावर पगार, प्रवासखर्च आणि अनुदान मांडून पाहावे आणि मगच निर्णय घ्यावा. हा हिशेब मुलासमोर करावा.

पायरी ८: पहिले तीन महिने

नोकरी लागली की पेढे वाटून सगळे मोकळे होतात आणि खरे काम तेव्हाच सुरू होते. पहिल्या आठवड्यात विशेष शिक्षकाने किंवा कुटुंबाबाहेरील एखाद्या व्यक्तीने कामाच्या ठिकाणी दोन-तीनदा जाऊन यावे, कामाचा क्रम फोटोंच्या किंवा मोठ्या अक्षरांच्या पाटीवर लावून घ्यावा आणि सहकाऱ्यांपैकी एक माणूस हेरावा, जो रोज नुसते "जमतंय ना?" एवढे विचारेल. ही व्यक्ती साहेब असू नये. चहा आणणारा, गोदाम सांभाळणारी मावशी, शेजारच्या टेबलावरचा मुलगा, असा कोणीतरी बहुधा जास्त टिकतो. दुसऱ्या महिन्यापासून भेटी कमी करत जाव्यात, पण फोन चालू ठेवावा.

मालकाकडून पंधरा दिवसांनी तीनच गोष्टी विचाराव्यात: कोणते काम स्वतंत्रपणे होते, कोणत्या कामाला अजून सांगावे लागते आणि कोणती गोष्ट तुम्हाला बोलायला अवघड वाटते आहे. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर सहसा दुसऱ्या भेटीत मिळते, आणि ते बहुतेक वेळा घामाचा वास, फोनवरचे मोठ्याने बोलणे किंवा डबा खाताना एकटे बसणे असले काहीतरी असते. ते त्याच आठवड्यात मुलाशी स्पष्ट बोलावे. आमच्या एका मुलाची नोकरी धोक्यात आली होती, त्याचे कारण एवढेच होते की तो रोज निरोप न घेता निघून जायचा आणि मालकांना तो रागावून गेला असे वाटायचे. "येतो" एवढा शब्द म्हणायला शिकवून ते मिटले.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी पगाराची पावती, भविष्य निर्वाह निधी लागू असल्यास त्याचा क्रमांक, आणि बँकेच्या पासबुकातील नोंदी मुलाबरोबर बसून पाहाव्यात. पगार त्याच्याच खात्यात येतो आहे ना, आणि तो काढताना सही त्याची आहे ना, हे तपासावे. आठवीतली ती दोनशे पानी वहीही त्या दिवशी सोबत न्यावी, कारण तिच्यात अजून पाने शिल्लक असतात आणि आता त्यांवर काय लिहायचे ते मुलाने ठरवायचे असते. फरसाणाच्या दुकानातला तो मुलगा आता एका बेकरीत खारीची पाकिटे भरतो. त्याने वहीत स्वतः लिहिलेले पहिले वाक्य होते, "इथे रेडिओ नाही."